बेरिया महाविद्यालयातील हस्तकला व विद्यार्थी-श्रम

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बेरिया या लहानशा गावी असलेल्या बेरिया महाविद्यालयात पारंपरिक हस्तव्यवसाय आणि विद्यार्थ्यांचे श्रम यांची सांगड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली गेली. ॲपलाचियन डोंगराळ प्रदेशाच्या पायथ्याशी गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये ही संस्था स्थापन केली. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुले-मुली येथे एकत्र शिकत. १८९२ पासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. त्याऐवजी पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने काम करण्याचा नियम रूढ झाला. आठवड्याला किमान १० तासांचे हे काम शेती, स्वयंपाकघर, कचेरी, वसतिगृह असे कोठेही असू शकते. हस्तकला हा त्याचा एक भाग होय, पण संस्थेची ओळख त्यानेच घडवली.

अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट (कार्यकाळ १८९२–१९२०) डोंगरांतून फिरत असताना त्यांना घरोघरी हातमागावर विणलेल्या जाड, नक्षीदार चादरी दिसल्या. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रंगीत लोकरीच्या बाण्याने (आडव्या धाग्याने) उठवलेली ही नक्षी आई मुलीला शिकवीत असे, आणि रंग नीळ, मंजिष्ठ, अक्रोडाची टरफले यांपासून घरीच तयार होत. गिरणीचे स्वस्त कापड डोंगरात पोहोचल्यामुळे हे माग अडगळीत जाऊ लागले होते. रोख पैसा नसलेल्या कुटुंबांकडून मुलांच्या शिक्षणाच्या खर्चापोटी चादरी स्वीकाराव्यात आणि त्या शहरांतील देणगीदारांना विकाव्यात, हा मार्ग फ्रॉस्ट यांनी काढला. या कलेला पुन्हा जीव आला तो कौतुकामुळे नव्हे, तर चादरीला शिक्षणाच्या मोबदल्याचे मोल आल्यामुळे, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. १८९६ पासून पदवीदानाच्या वेळी घरगुती विणकामाचे प्रदर्शन भरू लागले आणि उत्तम कामाला बक्षिसे मिळू लागली.

स्वीडनमध्ये जन्मलेल्या विणकर ॲना अर्नबर्ग यांच्याकडे १९११ मध्ये महाविद्यालयाच्या विणकाम विभागाची सूत्रे आली. जुने माग अवजड असत व घराचा बराच भाग व्यापीत. अर्नबर्ग यांनी लहान आटोपशीर माग तयार करवून ते विद्यार्थिनी व डोंगरातील स्त्रिया यांच्यापर्यंत पोहोचवले. ग्राहकाच्या गरजेनुसार लहान वस्तूही विणल्या जाऊ लागल्या. त्यामुळे बेरियाची ‘डोंगरी परंपरा’ काही अंशी स्वीडिश हातांनी आणि शहरी आवडीने घडलेली आहे. फ्रॉस्ट यांनी १८९९ मध्ये डोंगरवासीयांना ‘आपले समकालीन पूर्वज’ म्हटले. या वर्णनात आपुलकी असली, तरी जिवंत माणसांना भूतकाळात ढकलणारी दृष्टीही आहे. याच काळात, १९०४ च्या राज्य कायद्याने एकत्र शिक्षणास बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये ती उचलून धरली, आणि १९५० मध्ये कायदा बदलेपर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बेरियाचे दार बंद राहिले. श्रमप्रतिष्ठेच्या या इतिहासातील ही सर्वांत दुःखद बाजू आहे.

बेरियाच्या विणकामाचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेतर्फे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम करताना अभियंता डी. सी. चर्चिल यांनी स्थानिक विणकरांसाठी वेगवान हातमाग विकसित केला होता. पुढे बेरियात अध्यापनासाठी आल्यावर त्यांनी व पत्नी एलिनॉर यांनी १९२२ मध्ये ‘चर्चिल वीव्हर्स’ हा स्वतंत्र उद्योग उभारला. नगरच्या विणकरांच्या अडचणी पाहून सुधारलेले धावत्या धोट्याचे (हाताने न सरकवता दोरी ओढून आरपार फेकल्या जाणाऱ्या धोट्याचे) तंत्र अशा रीतीने केंटकीत रुजले.

महाविद्यालयात १९२० मध्ये झाडू बांधण्याचा विभाग सुरू झाला. त्यासाठी लागणारी ताटे ज्वारीच्याच कुळातील एका पिकाची असतात. लाकूडकाम त्याआधीपासून चालू होते, आणि मातीकाम नंतर आले. चर्चिल वीव्हर्स २००७ मध्ये बंद पडला. महाविद्यालयाच्या विणशाळेत मात्र विद्यार्थी अजूनही माग चालवतात.