बर्डॉकच्या भावंडांत 'सर्वात ताकदवान' कोण?

बर्डॉक ही कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांची वनस्पती; तिच्या मुळांचा चहाही करतात. तिच्या जातींबद्दल एक दावा असा: मोठा बर्डॉक अँटिऑक्सिडंटमध्ये पहिला, लहान आणि लोकरी बर्डॉक त्याच्या मागे. मोठा म्हणजे आर्क्टियम लाप्पा, जपानी स्वयंपाकातला गोबो. पण असा कायमचा क्रम लागत नाही.

मोजणी कशी होते ते पाहा. डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकतात आणि रंग किती उतरून पिवळा पडतो ते मोजतात; रंग जितका उतरेल तितका अर्क ताकदवान. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, मूळ घेतलं की पान की बी, यावर आकडा बदलतो. मुळांमध्ये क्लोरोजेनिक आम्लाच्या कुळातली अँटिऑक्सिडंट संयुगं असतात, बियांत आर्क्टिइन नावाचं वेगळंच संयुग. एकाचं बी आणि दुसऱ्याचं मूळ शेजारी ठेवून जातींची तुलना कसली करणार?

गोबो चिरला की काळपट पडतो, तोही मुळातल्या याच संयुगांमुळे. म्हणून जपानी घरांत तो पाण्यात भिजवतात, आणि पाणी तपकिरी होतं. म्हणजे ज्याच्यासाठी मूळ घेतलं त्यातलं थोडं मोरीत!

शिवाय परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट आकड्यांचा 'ओआरएसी' नावाचा तक्ता 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. कंपन्या तो जाहिरातीला वापरत होत्या.

आणि हो, आपल्याकडे रस्त्याकडेला कपड्यांना चिकटणारा शंकेश्वर म्हणजे बर्डॉक नव्हे. त्याचं बी विषारी असतं.