माजी सैनिकांच्या अपंगत्व दाव्यांवरील अपिले (अमेरिका)

अमेरिकेच्या सैन्यदलांत सेवा बजावताना जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या आजाराबद्दल वा दुखापतीबद्दल माजी सैनिकाला तेथील व्हेटरन्स अफेअर्स विभागाकडून दरमहा करमुक्त भरपाई मिळते. हा दावा फेटाळला गेला, अपंगत्वाची टक्केवारी कमी धरली गेली किंवा भरपाई उशिराच्या तारखेपासून लागू केली गेली, तर त्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते.

दाव्याचा निकाल तीन प्रश्नांवर लागतो: आज अपंगत्व आहे काय, सेवाकाळात त्याला कारण होईल असे काही घडले होते काय, आणि या दोहोंचा संबंध जुळतो काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासणीतून व दुसऱ्याचे बव्हंशी कागदपत्रांतून मिळते. खरी ओढाताण तिसऱ्यावर होते. दिवाणी दाव्यात वादीला आपले पारडे जड करून दाखवावे लागते, तसे येथे नाही. अनुकूल आणि प्रतिकूल पुरावा साधारण समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो, हे १९९० च्या ‘गिल्बर्ट’ निवाड्यापासून न्यायालयीन भाषेतही रुळले आहे. म्हणूनच संबंध ‘असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे’ एवढे डॉक्टरने सकारण लिहिले तरी पुरते. नुसते ‘संबंध असू शकेल’ असे मोघम वाक्य मात्र तोकडे पडते.

तोफखान्यात काम केलेल्या एखाद्या सैनिकाचे उदाहरण घेता येईल. निवृत्तीच्या वेळच्या चाचणीत त्याची श्रवणशक्ती सामान्य होती. वीस वर्षांनी ती मंदावली. विभागाच्या तपासणीसाने तेवढ्या जुन्या चाचणीवर बोट ठेवून संबंध नाकारला, तर ते मत अपुरे ठरते, कारण निवृत्तीच्या वेळी बहिरेपण नसणे हे एकटे कारण नकारासाठी पुरेसे नाही. कानात सतत गुणगुण होते, हे सांगायला तर डॉक्टरही लागत नाही. ते स्वतः सैनिकच सांगू शकतो, आणि वैद्यकीय नोंद नाही एवढ्याचसाठी त्याचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. १९७३ साली सेंट लुईस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी सेवा-अभिलेख जळाले. ज्यांचे कागद त्या आगीत गेले, त्यांच्या बाबतीत पुराव्याचा विचार अधिक काळजीपूर्वक करण्याचे व नकाराची कारणे नीट मांडण्याचे बंधन विभागावर आहे.

अपिलाची सध्याची रचना २०१७ च्या सुधारणा कायद्याने घडवली व ती १९ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली. निर्णय मिळाल्यापासून वर्षभरात सैनिकाने तीनपैकी एक वाट धरायची असते. नवा आणि प्रस्तुत पुरावा हाती असेल, तर पूरक दावा दाखल करता येतो. पुरावा तोच, पण तो चुकीचा वाचला गेला असे वाटत असेल, तर अधिक अनुभवी अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागता येते. तिच्यात नवा कागद चालत नाही, मात्र दूरध्वनीवरून चूक दाखवून देण्याची संधी मिळते. तिसरी वाट थेट अपील मंडळाकडे जाते. तेथेही आहे त्या पुराव्यावर निर्णय, नव्वद दिवसांत जादा पुरावा किंवा न्यायाधीशापुढे सुनावणी असे पर्याय आहेत. सुनावणीची रांग अर्थातच मंद सरकते. मंडळ आधीच्या निर्णयाला बांधील नसते व सगळे प्रकरण नव्याने तपासते. विभागाचा वकील समोर उभा राहून विरोध करीत नाही. वय ७५ झालेल्या, गंभीर आजारी किंवा आर्थिक अडचणीत सापडलेल्या अपीलकर्त्याचे प्रकरण रांगेत पुढे घेता येते.

वर्षाची ही मुदत बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पैशाचा प्रश्न तिच्यावरच अडलेला असतो. २०१९ मध्ये केलेला दावा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि मधला प्रत्येक टप्पा मुदतीत गाठलेला असला, तर थकबाकी सामान्यतः २०१९ पासून मोजली जाते. एकदा साखळी तुटली की भरपाईची तारीख बहुधा नव्या अर्जाच्या दिवसावर येते आणि मधली वर्षे बुडतात. त्यानंतर ‘स्पष्ट व निर्विवाद चूक’ सिद्ध करून जुना निर्णय उघडता येतो, पण ती कसोटी फार कडक आहे.

अपील मंडळ १९३३ साली स्थापन झाले, आणि पुढची ५५ वर्षे त्याच्या निर्णयावर न्यायालयात जाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. यादवी युद्धाच्या काळापासून वकिलाच्या शुल्कावर दहा डॉलरची मर्यादा होती. ती १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. सैनिकाला वकिलाच्या तावडीपासून वाचवणारा हा नियम त्याला वकीलच मिळू देत नव्हता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय निर्माण केले, आणि मंडळाच्या निर्णयानंतर १२० दिवसांत तेथे जाता येऊ लागले. माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी आजही दाव्याचे काम विनाशुल्क करतात.

हे न्यायालय साक्षी घेत नाही. ते मंडळापुढची संचिका वाचते. अनुकूल पुरावा का नाकारला याची कारणे मंडळाने दिली नसतील, तर प्रकरण परत पाठवले जाते. ‘जिंकलेला’ सैनिक अशा वेळी भरपाईऐवजी पुन्हा एक तपासणी घेऊन घरी येतो. त्यावरचे फेडरल सर्किट न्यायालय प्रामुख्याने कायद्याचा अर्थ पाहते, तथ्यांत शिरत नाही.

पुरावा खरोखर समतोल होता की नाही, हे पुन्हा तोलण्याचा अधिकार १९८८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या न्यायालयाला किती, हा वाद ‘बफकिन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समतोल ठरवणे हे मुख्यतः तथ्यांचे काम आहे, तेव्हा मंडळाची चूक उघड असेल तरच त्यात हात घालावा, असा निकाल मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी लागला. परिणामी पारडी कुठे स्थिरावली हे सांगण्याचे काम बव्हंशी मंडळाकडेच राहिले आहे.