ठिबकची नळी तारेला बांधताना ओढहूक एकदाच ओढा

(आमच्या द्राक्ष बागायतदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं ओढहूक (तारेच्या गाठीला पीळ देणारं हाताचं अवजार) वापरणाऱ्यांकडून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दोन तक्रारी हमखास येतात. पहिली म्हणजे, सकाळी सरळ दिसणारी नळी दुपारी दोन गाठींच्या मध्ये झोळ धरते. दुसरी म्हणजे, गाठीपाशी नळी चेपते आणि ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी पोहोचतं. दोन्हीचं कारण एकच आहे : गाठ गरजेपेक्षा घट्ट बसलेली असते. हूक नेताना आम्ही हे तोंडी सांगतोच, पण बागेत बांधणी करणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्या हातात हा कागद द्यावा म्हणून छापला आहे.

नळी वाढते, तार वाढत नाही

ठिबकची काळी नळी पॉलिथिलीनची असते. उन्हात ती चांगलीच लांबते. ६० मीटरची नळी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंशांनी तापली, तर साधारण एक फूट वाढते. जिला नळी बांधतात ती शेजारची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार तेवढ्याच फरकाने जेमतेम २ सेंटिमीटर वाढते. म्हणजे जवळजवळ एक फूट जास्तीची नळी कुठेतरी सामावायला हवी.

गाठी सैल असतील तर ही वाढ सरकत सरकत ओळीच्या टोकाकडे जाते. प्रत्येक गाठीने नळी आवळून धरली असेल तर वाढ जागच्या जागी अडकते. ३ फुटांच्या अंतरात ती फक्त साडेचार मिलिमीटर असते. ऐकायला हे काहीच नाही, पण दोन्ही टोकं पक्की असताना एवढ्याशा वाढीनेही मध्ये सुमारे ४ सेंटिमीटर झोळ पडतो. गाठींची संख्या वाढवून झोळ जाईल असं अनेकांना वाटतं. झोळ थोडा कमी होतो, जात नाही, आणि नळी चेपायच्या जागा मात्र वाढतात.

झोळ नुसता दिसायला वाईट असता तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. ड्रीपरमधून सुटलेला थेंब नळीच्या पोटाला धरून उताराकडे वाहतो आणि सगळ्यात खालच्या जागी पडतो. मोठ्या वेलींचं त्यावाचून फारसं अडत नाही, कारण मुळं पसरलेली असतात. पहिल्या वर्षाच्या लागवडीत मात्र रोपाचं पाणी हातभर लांब पडून वाया जातं. शिवाय विद्राव्य खतं सोडल्यावर झोळातलं पाणी निचरत नाही. ते आटलं की क्षार तिथेच बसतात, आणि त्या जागचे ड्रीपर आधी बुजतात.

थंडीत उलटं घडतं. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. नळी भर दुपारी ताणून बांधलेली असेल तर ती रात्री आखडते आणि सबमेनवरच्या (ओळींना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपवरच्या) टेकऑफमधून, म्हणजे नळी जिथे जोडतात त्या जोडणीतून, सुटते. सकाळी मोटार सुरू केली की तिथे कारंजं उडतं. टेकऑफ हलका निघाला असं समजून तो बदलला जातो, आणि पुढच्या थंडीत नवाही सुटतो.

दुसरी ओढ देऊ नका

आमच्या हुकात आट्यांचा दांडा आहे. मूठ मागे ओढली की टोक फिरतं आणि एका पूर्ण ओढीत बांधायच्या तारेला तीन पीळ बसतात. मूठ सोडली की स्प्रिंग टोकाला जागेवर आणते. ठिबकच्या गाठीला हे तीन पीळ पुरतात.

बांधणीला येणाऱ्या टोळ्यांमध्ये सेंट्रिंगवर सळई बांधलेले कसबी हात बरेच असतात. सळईची गाठ हलली नाही पाहिजे, म्हणून तिथे पीळ बसला तरी आणखी एक ओढ देऊन आवळतात. त्या कामात ते योग्यच आहे. तोच हात ठिबकच्या नळीवर चालला की नुकसान होतं. दुसऱ्या ओढीने एक तर तार पिळाच्या गळ्याशी तुटते आणि तुकडा वाया जातो, नाहीतर ती नळीत रुतते. त्यातलं रुतणं जास्त वाईट, कारण ते लगेच दिसत नाही. उन्हाने मऊ पडलेली नळी महिनाभर तारेखाली दबत राहते आणि तिथे कायमची कंबर पडते. एका कंबरेने पाणी अडत नाही. ओळीत अशा ६० गाठी असल्या की शेवटच्या झाडांचा दाब नक्की उतरतो.

यासाठीच हुकासोबत दोरीला बांधलेली २ मिलिमीटर जाडीची पोलादी जिभली येते. ती शोभेची नाही. गाठ मारताना ती नळी आणि बांधायची तार यांच्यामध्ये ठेवायची आणि पीळ बसल्यावर ओढून काढायची. सहज निघाली तर गाठ बरोबर. निघताना अडली तर गाठ घट्ट आहे, ती अर्धा पीळ उलटी सोडा. दुरुस्तीला परत येणाऱ्या बहुतेक हुकांची जिभली दोरीसकट कापलेली असते. मध्ये लोंबते, कामाचा वेग कमी होतो, असं मजूर सांगतात. सुरुवातीची एखादी ओळ वेग खरंच कमी पडतो, पुढे हात बसतो. जिभली हरवली असेल तर काडीपेटीतली काडी शिरेल इतकी फट ठेवा आणि दोन बोटांनी नळी सरकवून पाहा. सरकली पाहिजे.

बांधायचं कसं

आधी तार ताणून घ्या. नळीसाठी १२ गेजची जीआय तार जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर, दोन्ही टोकांच्या खांबांना पक्की. तारच सैल असेल तर खालच्या कोणत्याही गाठीने नळी सरळ होणार नाही. पाणी भरलेली १६ मिलिमीटरची नळी मीटरला साधारण २०० ग्रॅम भरते, म्हणजे ६० मीटरच्या ओळीत तारेवर १२ किलो. रिकामी नळी बांधून सरळ दिसली म्हणून समाधान मानू नका.

बांधणी सकाळी, ऊन चढायच्या आत करा. आदल्या दिवशी नळ्या धुऊन घ्या, शेवटच्या टोकाची घाण निघू द्या. सकाळी पाणी सोडून नळ्या भरा, मोटार बंद करा आणि मग बांधायला घ्या. पाण्यामुळे नळी गार राहते, तिचं खरं वजनही तारेवर येतं. नळीला पीळ पडलेला असेल तर तो आधी उलगडा.

तारेचा तुकडा नळीच्या खालून घ्या. दोन्ही टोकं वर आणा, नळी आणि जीआय तार यांच्यामध्ये एकदा कैची मारा, मग टोकं जीआय तारेच्या वर नेऊन टोकांना वळवलेल्या दोन्ही डोळ्यांत हूक अडकवा. गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसली पाहिजे. वरचा वेढा जीआय तारेला घट्ट धरतो, त्यामुळे उताराच्या बागेतही गाठ घसरत नाही, आणि खालचा वेढा नळीला मोकळा राहतो. जिभली खालच्या वेढ्यात ठेवायची. डाव्या हाताने जीआय तार दाबून धरा, नाहीतर ओढीबरोबर ती वर उचलली जाते आणि पीळ अर्धवट बसतो. हूक सरळ वर, एका दमात, पूर्ण लांबी ओढा. तुकड्यातुकड्याने ओढलं तर पीळ एकावर एक चढतात.

पीळ वरच्याच बाजूला हवा. खाली ठेवलात तर थेंब नळी सोडून तारेच्या शेपटीवरून गळतो. शेवटी शेपूट जीआय तारेला समांतर वाकवून दाबा, सगळ्या ओळींत एकाच दिशेला. पुढे फेलफूट (बगलेतली जास्तीची फूट) काढणाऱ्या बायकांच्या हातांना ओरखडे येत नाहीत, तुमच्या बाहीलाही ती अडकत नाही.

सबमेनपासून पहिली गाठ एक फूट सोडून मारा. सगळ्या ओळीत घट्ट चालेल अशी हीच एक गाठ, म्हणजे ओढ टेकऑफवर येत नाही. तिथेही नळीला आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, मग तार. दुसऱ्या टोकाला एंड कॅपपासून शेवटच्या खांबापर्यंत ट्यूबचीच वीतभर पट्टी ताणून बांधा. दुपारी नळी वाढली की रबर तिला पुढे ओढून घेतं, रात्री आखडली की रबर सैल सोडतं. या पट्टीचा खर्च काहीच नाही, आणि झोळाच्या तक्रारीवर याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. रबर उन्हाने चिरतं, म्हणून दर खरड छाटणीला बदला.

तार कोणती, किती

बांधायला आम्ही २० गेजचीच तार ठेवतो, १८ ची ठेवत नाही. १८ ची मजबूत नाही का, असं बरेच जण विचारतात. मजबूत आहे, पण इथे तारेला फक्त दोनशे ग्रॅमचं वजन पेलायचं आहे. जाड तार पिळायला जोर लागतो, तो जोर नळीवर जातो, आणि एका किलोत तुकडेही कमी बसतात. २० गेजच्या एका किलोत १५ सेंटिमीटरचे सुमारे १,२९० तुकडे होतात, १८ च्या किलोत सुमारे ७३० च.

सळई बांधायची साधी काळी तार स्वस्त पडते, तरी बागेसाठी ती घेऊ नका. पावसाने आणि फवारणीने ती लवकर गंजते. नुसती जीआयही पुरत नाही. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुना) तांबं जस्ताच्या मुलाम्यावर बसलं की मुलामा झपाट्याने खाल्ला जातो. म्हणून आम्ही प्लास्टिकचं आवरण असलेली, दोन्ही टोकांना डोळे वळवलेली तयार तार देतो. गुंडाळीच्या तारेला डोळा नसतो, हूक तिच्यावरून निसटतं. हूक धरत नाही म्हणून आणलेली काही हुकं तपासली तर त्यांत दोष नव्हता, तार डोळ्याविना वापरलेली होती.

सुतळी फवारणीच्या ओलीने कुजते. पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, काळ्या जास्त टिकतात. प्लास्टिकचे लटकवायचे हूक सपाट जमिनीवर चांगलं काम देतात आणि ज्यांच्याकडे ते नीट बसले आहेत त्यांनी उगाच बदलू नयेत. उताराच्या बागेत आणि वाऱ्याच्या बाजूच्या ओळींत ते सरकून एका जागी गोळा होतात, तिथे तारेची गाठ घ्या.

हिशोब सोपा आहे. ९ फुटी ओळींच्या एकरात ४,८४० फूट नळी बसते, ३ फुटांवर गाठ धरली तर सुमारे १,६०० तुकडे. १० फुटी ओळींना साडेचौदाशे पुरतात. दुहेरी नळी असेल तर दुप्पट. आमचं पाकीट हजाराचं आहे. न फोडलेलं पाकीट आम्ही परत घेतो, त्यामुळे कमी पडण्यापेक्षा एक जास्त नेलेलं बरं. हात बसलेला माणूस मिनिटाला तीन गाठी मारतो, म्हणजे एकराला एका माणसाचं साधारण नऊ तासांचं काम.

हूक जपा

टोक परत येत नसेल तर नव्वद टक्के वेळा आट्यांत माती असते. मागची टोपी उघडा, दांडा आणि स्प्रिंग रॉकेलमध्ये धुवा, पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. ग्रीस लावू नका, त्याला काळ्या रानाची धूळ चिकटते आणि आठवड्यात पुन्हा तेच होतं. टोक झिजून डोळ्यातून निसटायला लागलं तर कानशीने घासू नका. टोकाचं पोलाद वरून कडक केलेलं आहे, घासलं की मऊ भाग उघडा पडतो. टोक, स्प्रिंग आणि जिभली आमच्याकडे सुटी मिळतात, सगळं हूक नव्याने घ्यायची गरज नाही. तार तुटली किंवा नळी चेपली तर भरपाई आम्ही देत नाही, कारण गाठ आमच्या हाताची नसते. हुकाचा दांडा वाकला किंवा मूठ निखळली तर मात्र बदलून देतो.

जुन्या गाठी काढताना कटर वापरा, हुकाने उलट्या पिळू नका. कापलेले तुकडे डब्यात टाकत चला. बागेतलं तण गुरांना घालणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तारेचा तुकडा चाऱ्यातून पोटात गेला तर जनावर दगावू शकतं.

तार न्यायला येताना नळीचा वीतभर तुकडा सोबत आणा. १२ मिलिमीटरच्या नळीला आखूड तुकडा लागतो, १६ ला १५ सेंटिमीटरचा. ओळींचं अंतर, एका ओळीची लांबी आणि नळी एकेरी की दुहेरी एवढं सांगितलंत की पाकिटं मोजून देता येतील. बांधणीची टोळी नवी असेल तर त्यांच्यातल्या एकाला पाठवा, दुकानामागच्या तारेवर आम्ही त्याच्याकडून दहा-बारा गाठी मारून घेतो. त्याचे पैसे घेत नाही.