कोल्हापूरचा वसंत : स्नेहसंमेलनापासून चैत्र यात्रेपर्यंतची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील महाविद्यालयांचा कलाहंगाम दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस भरात येतो. फेब्रुवारीत स्नेहसंमेलने, एकांकिका, गायनाच्या स्पर्धा आणि चित्रप्रदर्शने पाठोपाठ होतात, मार्च उजाडला की परीक्षांमुळे सारे एकाएकी शांत होते आणि त्यानंतर शहर पुन्हा गजबजते ते चैत्रात, जोतिबाच्या यात्रेने. वसंताचे असे दोन तुकडे का पडले आणि तरीही दोन्हीकडे नाचणारी, गाणारी, वाजवणारी मुले बहुधा तीच का असतात, हे समजून घ्यायचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

राजाराम कॉलेजची सुरुवात १८८० ची. पण कॉलेज निघाले म्हणजे विद्यार्थ्यांचे गाव झाले, असे होत नाही. ते घडले राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृहांमुळे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुले अशा अनेकांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेला मुलगा शहरात राहून शिकू लागला आणि येताना त्याने आपल्याबरोबर शिमग्याची गाणी, लेझीम, हलगीचा ठेका आणि गावच्या यात्रेची ओढही आणली. महाविद्यालयीन रंगमंचावर लोककला आल्या, त्या बाहेरून शिकवून आणाव्या लागल्या नाहीत, याचे मूळ माझ्या मते या बोर्डिंगांत आहे.

या मुलांना संध्याकाळी शहराने काय दिले, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तिथे पाहिलेल्या रोमच्या प्राचीन क्रीडागृहाची कल्पना मनात ठेवून त्यांनी खासबाग मैदान बांधून घेतले, जे १९१२ मध्ये पुरे झाले. मधला आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. कुस्तीचे मैदान आणि नाटकाचे थिएटर पाठीला पाठ लावून उभे असावे, यात त्या काळच्या कोल्हापूरचा स्वभाव दिसतो. मल्ल, नट आणि विद्यार्थी एकाच वाटेने जात-येत होते. भवानी मंडपाजवळच्या राजारामच्या इमारतीपासून थिएटरपर्यंत चालत जायला फार वेळ लागत नसे.

ज्यांचे नाव पुढे १९५७ मध्ये या थिएटरला देण्यात आले, ते केशवराव भोसले याच शहरात ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मले. गरिबीमुळे लहानपणीच ते नाटक मंडळीत गेले आणि १९०८ मध्ये, म्हणजे आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वयात, त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत त्यांनी बालगंधर्वांसोबत केलेल्या संयुक्त प्रयोगाची आठवण मराठी रंगभूमी आजही काढते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

नाटकासाठी पडदे लागत आणि ते रंगवणारे हात कोल्हापुरातच होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आते-मामेभावांनी नाटक मंडळ्यांसाठी महाल, अरण्य, राजरस्ते असे पडदे रंगवून नाव मिळवले. पडद्यावर खोली आणि उजेड-सावली कशी दाखवायची हे कसब हाताशी असलेल्या या माणसांना हलत्या चित्रांचे वेड लागणे स्वाभाविक होते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले, पण बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नसल्याने त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा घडवला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा उभा करण्यात तानीबाई कागलकर या गायिकेचा वाटा होता, ही गोष्ट मला नेहमी थांबून सांगावीशी वाटते, कारण एका कलेने दुसरीला हात देण्याचे याहून स्वच्छ उदाहरण या शहराच्या इतिहासात सापडणे कठीण आहे. या कंपनीचा पहिला चित्रपट १९२० मध्ये आला. तिथेच तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली आणि मराठीतला पहिला बोलपट १९३२ मध्ये याच कंपनीने दिला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. शहराचे ते मोठे नुकसान होते, तरी स्टुडिओ, कलावंत आणि तंत्रज्ञ बऱ्याच प्रमाणात इथेच राहिले.

गाण्याची वाट दरबारातून आली. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँ यांना दरबार गायक म्हणून आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी कोल्हापुरात रुजली. खाँसाहेब पुढे मुंबईला गेले, पण त्यांचे पुत्र भूर्जीखाँ कोल्हापुरातच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी यांना त्यांची तालीम मिळाली. गायन समाज देवल क्लबसारख्या जुन्या संस्थेमुळे दरबारातले गाणे सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले आणि राजाश्रय संपल्यावरही मैफली बंद पडल्या नाहीत.

राजाराम कॉलेजात याच काळात माधव जूलियन आणि ना. सी. फडके यांच्यासारखे प्राध्यापक शिकवत होते. वि. स. खांडेकरही १९३८ पासून कोल्हापुरात राहू लागले. वर्गात ज्यांच्याकडून शिकायचे, त्यांचीच नवी कविता किंवा कादंबरी मासिकात वाचायची, अशी संधी त्या पिढीतल्या मुलांना मिळाली.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि चित्र पालटले. आता फक्त कोल्हापूर संस्थानातली नव्हे, तर सातारा, सांगली आणि २००४ मध्ये वेगळे विद्यापीठ होईपर्यंत सोलापूरची मुलेही एकाच विद्यापीठाखाली आली. कलेच्या दृष्टीने याचा सर्वांत खोल परिणाम वेळापत्रकावर झाला. वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये ठरल्या आणि स्नेहसंमेलन त्याआधी उरकणे भाग पडले. पुढे सत्र पद्धती आली तरी वसंतातल्या परीक्षा हलल्या नाहीत. म्हणून इथला कॉलेजचा वसंत फेब्रुवारीच्या चार आठवड्यांत दाटीवाटीने मावतो.

त्या आठवड्यांत कोणत्याही कॉलेजात संध्याकाळी सहानंतर गेलात, तर एखाद्या वर्गात बाके भिंतीला लावलेली दिसतात. फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांना फुल्या असतात. ती केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचाची रुंदी. पावलांनी मोजून घेतलेली. दिग्दर्शन करणारा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत असतो, ‘‘फुलीच्या बाहेर गेलास, तिथं विंग आहे.’’ संवाद पाठ नसलेला नट चालतो, पण रेघ चुकलेला चालत नाही.

चैत्रातला दुसरा तुकडा विद्यापीठाच्या हातात नाही, तो पंचांगाच्या हातात आहे. चैत्र पौर्णिमा २०१८ मध्ये ३१ मार्चला आली होती, तर २०२४ मध्ये २३ एप्रिलला. त्यामुळे यात्रा कधी ऐन परीक्षेत येते, कधी पेपर संपल्यावर. शहराच्या वायव्येला वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या, डोंगरावर महाराष्ट्र आणि कर्नाटकातून सासनकाठ्या येतात आणि त्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीचा असतो. तीस फुटांहून उंच, कापडाने मढवलेली काठी एकाच्या कमरेच्या किंवा खांद्याच्या आधारावर उभी राहते, चहूबाजूंनी दोर धरलेली माणसे तिचा तोल राखतात आणि हलगी, पिपाणी घुमू लागली की धरणाऱ्यासकट काठी नाचते. गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर यांत महिन्यापूर्वी वर्गात खडूची रेघ सांभाळणारा मुलगा दोर धरून उभा असलेला मी पाहिला आहे. तोल राखण्याची त्याची रीत दोन्ही ठिकाणी सारखीच होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव निघतो आणि रथाच्या वाटेवर रांगोळ्या घालायला चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचे हात कमी पडत नाहीत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच आणि प्रेक्षागृह जळाले, दगडी भिंती उभ्या राहिल्या. त्या रात्री रस्त्यावर रडणारी माणसे केवळ नाटकवाली नव्हती. पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले, पण मधल्या काळात एकांकिकांना मिळेल त्या सभागृहात उभे राहावे लागले. आगीनंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत मी एका तालमीला गेलो होतो. प्रयोग दुसऱ्याच, बऱ्याच अरुंद रंगमंचावर होणार होता. मुलांनी तरीही फरशीवर आधी जुन्या मापाची रेघ ओढली आणि मग तिच्या आत, वेगळ्या रंगाच्या खडूने, नव्या मापाच्या फुल्या केल्या.