जीआय मानांकन आणि ट्रेडमार्क: नाव कोणाचं, हक्क कोणाचा

एखाद्या पिकाला जीआय, म्हणजे ठरावीक मुलखातल्या मालाच्या नावाला कायद्याने मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालं की तालुक्यात फलक लागतात, सत्कार होतात, बातमीत हमखास ‘पेटंट मिळाले’ असं छापून येतं. पुढच्या हंगामात शेतकरी विचारतो, मग माझा भाव का नाही वाढला? प्रश्न रास्त आहे. पेटंट नव्या शोधाला मिळतं, त्याचा इथे संबंधच नाही. खरा घोळ जीआय आणि ट्रेडमार्क यांच्यात आहे.

ट्रेडमार्क सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. नाव किंवा चिन्ह एका मालकाचं. ते विकता येतं, दुसऱ्याला वापरायला देता येतं. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. जीआयचीही मुदत १० वर्षांचीच. फक्त त्याची नोंदणी चेन्नईला होते आणि कायदा वेगळा, १९९९ चा, २००३ पासून लागू झालेला. हे फरक लक्षात राहिले नाहीत तरी कोणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पुढच्या गोष्टीने. जीआयची नोंद दोन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीवर एखादी उत्पादक संघटना किंवा संस्था त्या नावाची नोंदणीकृत मालक होते. २०१८ मध्ये हापूसला मानांकन मिळालं तेव्हा हेच झालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे ५ जिल्हे त्यात आले, आणि मालकांमध्ये दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, बागायतदारांच्या संस्था आहेत. दुसरी पायरी मात्र प्रत्येक बागायतदाराने स्वतः चढायची असते. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. नोंदवहीचे भागच दोन आहेत, ‘अ’ भागात मालक आणि ‘ब’ भागात वापरकर्ते. तुमची बाग देवगडात असेल, कलमं आजोबांनी लावलेली असतील, तरी ‘ब’ भागात नाव नसेल तर पेटीवर जीआयचं चिन्ह छापायचा हक्क तुम्हाला नाही. कोणी कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला तर नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून कोर्टात उभंही राहता येत नाही.

सत्काराच्या भाषणांत ही दुसरी पायरी गाळली जाते, याचा मला मनापासून राग आहे. मानांकन मालाला मिळालेलं असतं. शेतकऱ्याला ते अर्ज केल्यावरच मिळतं.

ट्रेडमार्क विकता येतो, तसा हा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याला परवान्याने देता येत नाही. वापरकर्ता वारला तर तो वारसाकडे जातो, बस. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कायद्यातली ही सगळ्यात चांगली तरतूद आहे, कारण कितीही मोठी कंपनी आली तरी तिला मुलखाचं नाव विकत घेता येणार नाही.

पण तिला माल विकत घेता येतो, आणि पैसा निसटतो तो इथेच. नोंदणीकृत शेतकऱ्याकडून रीतसर घेतलेला अस्सल माल व्यापाऱ्याने पुढे त्याच नावाने विकला, तर तो गुन्हा नाही. बागेतच सौदा करून मोकळा आंबा दिलात, तर नावाची किंमत पेटी भरणाऱ्याच्या खिशात जाते. म्हणून प्रतवारी आणि पॅकिंग शेतकऱ्याच्या किंवा त्यांच्या उत्पादक कंपनीच्या हातात असायला हवं. जळगावची केळी २०२१ मध्ये जीआय-प्रमाणित माल म्हणून दुबईला गेली, पण त्यासाठी नुसतं प्रमाणपत्र पुरलं नसतं. निर्यातीसाठी एकसारखा घड, फणी, पेटी आणि माल कोणत्या शेतातला याची नोंद लागते.

मग दोन्हींपैकी काय घ्यावं? दोन्ही, आणि आधी जीआयची नोंद. माल कुठला हे जीआय सांगतं, कोणी पिकवला हे ट्रेडमार्क. गिऱ्हाईकाला यंदाची पेटी आवडली तर पुढच्या वर्षी ते फक्त ‘हापूस’ मागेल. तुमचाच मागावा असं वाटत असेल तर पेटीवर तुमचं नाव लागतं. एकट्याला ब्रँड पेलत नसेल तर गटाने एकच काढावा. दहा एकरांत दहा लेबलं हा प्रकार मला पटत नाही. एकाही लेबलाला वर्षभर पुरेल इतका माल त्यातून निघत नाही.

प्रक्रिया करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीआय ठरावीक मालासाठी नोंदलेलं असतं. फळाचं मानांकन त्याच्या वडीला किंवा सरबताला आपोआप लागू होत नाही. लेबल छापायला टाकण्याआधी नोंदीत नेमका कोणता माल लिहिला आहे ते मालक संस्थेकडून पाहून घ्या, आणि त्याच फेरीत सातबारा सोबत नेऊन वापरकर्त्याचा अर्जही भरून टाका.