उंदराच्या पोटातून घुबडाच्या पोटात

मोहोळकडच्या एका ज्वारीच्या रानात, बांधावरच्या लिंबाखाली गव्हाणी घुबड मरून पडलं होतं. अंगावर जखम नाही, चोचीच्या कडेला सुकलेलं रक्त. शेजारी त्यानं पूर्वी ओकलेल्या काळपट गोळ्या. एक फोडली, तर केसांच्या गुंत्यात उंदरांच्या तीन कवट्या! शेतकरीदादा म्हणाले, "सुटलो, अपशकुनी होतं." रात्रभर फुकट राखण करणारा पक्षी अपशकुनी कसा?

काही दिवसांपूर्वी त्यांनी बांधावर ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशक विषाच्या वड्या टाकल्या होत्या. घुबडाची तपासणी झाली नाही, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही. पण विषाची चाल कळली की शंका येतेच.

रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात. कॅल्शियमला धरून ठेवणारा आकडा (हूक) त्यांना व्हिटॅमिन के लावून देतं. प्रत्येक आकडा लावताना ते स्वतः 'वापरलेलं' होतं आणि एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा ताजं करतं. शरीरात व्हिटॅमिन के थोडंच असतं, त्यामुळे सगळी भिस्त या फेरवापरावर. ब्रोमॅडिओलोन नेमकं त्या विकरालाच जखडतं, मग रक्त गोठेनासं होतं. मात्र आधी तयार झालेली प्रथिनं रक्तात असतात, ती संपेपर्यंत उंदीर धडधाकट दिसतो. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषानं उंदीर काही तासांत आजारी पडतो आणि वाचला तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वडीचा मात्र त्याला संशयच येत नाही. मरायला तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात, तोवर तो वड्या खातच राहतो. म्हणजे मरायला लागतं त्याहून जास्त विष पोटात. शेवटी सुस्तावून उघड्यावर येतो आणि घुबड त्याला यकृतासकट अख्खा गिळतं. हे विष यकृतात महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे थोडं थोडं साठत जातं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची खोकडं, कापशी घारी, बांधावरची धामण, सगळ्यांचं ताट हेच.

वड्या उघड्यावर फेकू नयेत. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं लिंपावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, तेवढ्याच जित्या बिळांत आत खोल वडी सारून तोंड बुजवावं. मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरावेत, उरलेल्या वड्या परत गोळा कराव्यात. इंग्रजी टी अक्षरासारखे बांबूचे पक्षीथांबे रोवले तर घुबडं त्यावर बसून शिकार करतात. पण थांबे असलेल्या रानात विष टाकायचं नाही. नाहीतर पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढल्यासारखं होईल.