अडलेल्या बकरीचं रक्त

नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या एका बकरीपालकाने मे महिन्यात बकरीच्या रक्ताचा रिपोर्ट पुढे धरला. बकरी आदल्या रात्री व्याली होती, जुळी पिल्लं, वारही वेळेत पडलेली. तरी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले पाहून गड्याच्या पोटात गोळा आला. "पिशवीत पू तर नाही झाला ना, डॉक्टरसाहेब?"

झाला नव्हता. सुदृढ बकरीच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट हा दुसरा प्रकार जास्त असतो, साधारण 50 ते 70 टक्के. माणसात न्यूट्रोफिल जास्त. विताना बकरीचं हे पारडं फिरतं, आणि ते फिरवण्याची सुरुवात पोटातलं पिल्लूच करतं. गाभणपणाच्या 150 दिवसांच्या आसपास त्याच्या मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं आणि पुढे आईचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, कोसळतं. मेंढीत हे प्रोजेस्टेरॉन बनवण्याचं काम मधल्या काळात वार उचलते. बकरीत ते शेवटपर्यंत बीजकोषातल्या पीतपिंडाकडेच असतं. तो विरला की कळा सुरू.

कळांबरोबर आईचं स्वतःचं कॉर्टिसॉल चढतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल त्यामुळे प्रवाहात उतरतात, अस्थिमज्जेतूनही येतात. लिम्फोसाइट रक्तातून काढता पाय घेतात, इओसिनोफिल या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी जवळपास दिसेनाशा होतात, साखर वाढते. हे सगळं एकही जंतू नसताना. ताप असेल, बकरी चारा खात नसेल आणि काचपट्टीवर कोवळे न्यूट्रोफिल दिसत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी.

बकरी अडली की बदल त्याच दिशेने होतात, पण फार पुढे जातात. पिल्लाची मान मागे वळलेली, किंवा दोन पिल्लं एकदमच वाटेत अडकलेली. बकरी तासन्‌तास जोर देते. कॉर्टिसॉल आणि साखर आणखी वर. थकलेल्या, इजा झालेल्या स्नायूंतून क्रिएटिन कायनेज आणि एएसटी ही विकरं रक्तात उतरतात. पाणी प्यायलेलं नसतं, त्यात नागपूरचा उन्हाळा. रक्त दाटतं, आणि एरवी 22 ते 38 टक्क्यांत असणारा तांबड्या पेशींचा वाटा फुगतो. इथे मी नेहमी सावध असतो, कारण जंतांनी रक्त शोषलेली बकरीसुद्धा अशा वेळी कागदावर ठणठणीत दिसते. सलाइन लावलं की खरा आकडा उघडा पडतो.

कधी बकरी का अडली, हे रक्तच सांगतं. कॅल्शियम कमी असेल तर पिशवी नीट आकसतच नाही. पोटात दोन-तीन पिल्लं आणि खुराक तोकडा, तर साखर घसरून कीटोन (चरबी जाळताना बनणारी द्रव्यं) चढतात, बकरी वेळेआधीच मान टाकते. पण जोर देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पिल्लू पुढे सरकत नसेल, तर रिपोर्टची वाट बघू नये, डॉक्टर बोलवावा.

त्या रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडाही डोळे पांढरे करणारा होता. तपासणी माणसांच्या लॅबमध्ये झाली होती. बकरीची तांबडी पेशी जेमतेम 3 ते 4 मायक्रॉनची, आपली सात-साडेसातची. माणसासाठी लावलेलं यंत्र बकरीच्या तांबड्या पेशींनाच प्लेटलेट समजून मोजत सुटलं होतं.